कोळंबीच्या टरफलांचा मांडव, शेळीच्या नाळेतील मूलपेशी

पावसाच्या तोंडावर परसात पडवळाचे बी घालणारा माणूस मांडवाच्या मेढी आधी पुरून ठेवतो, कारण वेल वर आल्यावर मांडव घालायला गेले तर कोवळे तणावे तुटतात. स्कॅफोल्डवर, म्हणजे पेशींना धरून वाढायला दिलेल्या सच्छिद्र आधारावर, मूलपेशी वाढवण्याच्या कामालाही हाच क्रम लागू आहे. नवे विद्यार्थी बहुतेक वेळा पेशी मिळवण्याच्या घाईत असतात आणि स्कॅफोल्ड ही नंतर उरकायची गोष्ट समजतात. माझा अनुभव उलटा आहे. पेशी हाती येण्यापूर्वी स्कॅफोल्ड धुण्यात, भिजवण्यात आणि तपासण्यात गेलेले दिवसच पुढच्या तीन आठवड्यांचे यश ठरवतात.

हे मार्गदर्शन कोकण किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांत पेशीसंवर्धनाची साधी खोली, एक इनक्युबेटर आणि एक सूक्ष्मदर्शक एवढ्या बळावर काम करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आणि पशुवैद्यांसाठी लिहिले आहे. त्यात शेळीच्या नाळेतील मूलपेशी घेऊन त्या कोळंबीच्या टरफलांपासून मिळणाऱ्या कायटोसनच्या स्कॅफोल्डवर हाडाच्या दिशेने कशा वाढवाव्यात हे सांगितले आहे. येथे वर्णिलेले सारे काम प्रयोगशाळेतील भांड्यात संपते. तयार झालेला तुकडा जनावराच्या शरीरात बसवायचा असेल, किंवा जिवंत शेळीच्या अस्थिमज्जेतून वा चरबीतून नमुना काढायचा असेल, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेल्या केंद्रीय समितीकडे संस्थेची नोंदणी आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची लेखी परवानगी असल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नये.

पेशी कुठून घ्याव्यात

अस्थिमज्जा, चरबी आणि नाळ या तिन्ही ठिकाणी मध्यजनस्तरीय मूलपेशी, म्हणजे हाड, कूर्चा व चरबी यांच्या पेशींत रूपांतरित होऊ शकणाऱ्या पेशी, मिळतात. अस्थिमज्जेची पद्धत सर्वांत जुनी आहे आणि तिच्यावर लेखनही विपुल आहे, परंतु तिच्यासाठी शेळीला भूल देऊन कमरेच्या हाडात सुई घालावी लागते. नाळ मात्र शेळी व्याली की आपोआप मिळते आणि एरवी वारेबरोबर पुरली जाते. सिंधुदुर्गात कोकण कन्याळ जातीचे कळप पाळणारी घरे आहेत. तेथे किंवा विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर विण्याचा हंगाम आधी विचारून ठेवला तर एका आठवड्यात दोन-तीन नाळा मिळणे अवघड जात नाही.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. शेळीच्या वारेतून आणि गर्भजलातून ब्रुसेलोसिस आणि क्यू ताप हे दोन्ही रोग माणसाला होऊ शकतात. ज्या कळपाची ब्रुसेलासाठी रक्ततपासणी झालेली नाही, किंवा ज्या कळपात अलीकडे गर्भपात झाले आहेत, तेथील नाळ घेऊ नये. गोळा करताना दुहेरी हातमोजे आणि चांगला मास्क लावावा, आणि गर्भवती स्त्रीला या कामापासून दूर ठेवावे. प्रयोगशाळेतही नाळ हाताळायची ती दुसऱ्या श्रेणीच्या जैवसुरक्षा कपाटातच. अनेक महाविद्यालयांत जो आडवा लॅमिनार फ्लो असतो, त्याची हवा नमुन्यावरून थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. तो माध्यम ओतायला उपयोगी आहे, प्राण्याच्या ऊतींसाठी नाही.

जमिनीवर पडलेली, शेणमातीला लागलेली नाळ कितीही धुतली तरी कामाची नसते. करडू बाहेर येताच दोन चिमटे लावून मधला पाच-सहा सेंटिमीटरचा तुकडा निर्जंतुक कात्रीने कापावा आणि पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन व अॅम्फोटेरिसिन-बी घातलेल्या थंड फॉस्फेट बफरमध्ये टाकावा. करडाच्या बाजूचा उरलेला भाग नेहमीप्रमाणे आयोडीन लावून सांभाळावा, ते आपल्या नमुन्याइतकेच महत्त्वाचे आहे. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी. आंबोलीकडच्या गावातून किनाऱ्यापर्यंतचा रस्ता आणि घाटातली वाहतूक धरूनच वेळेचा हिशेब करावा.

कपाटात आल्यावर नाळ सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये काही सेकंदच बुडवावी आणि प्रतिजैविकयुक्त बफरने चार-पाच वेळा, पाणी निवळ दिसेपर्यंत, धुवावी. मग ती लांबीत चिरून रक्तवाहिन्या चिमट्याने ओढून काढाव्यात. त्यांच्याभोवती जो पांढुरका, शहाळ्यातल्या कोवळ्या मलईसारखा बुळबुळीत थर उरतो, तो व्हार्टन जेली. आपल्याला हव्या असलेल्या पेशी त्यातच असतात. तिचे एक-दोन मिलिमीटरचे बारीक तुकडे करून संवर्धन-थाळीच्या तळाशी थोड्या अंतराने ठेवावेत, अर्धा तास तसेच चिकटू द्यावेत, आणि मग दहा टक्के फीटल बोवाइन सीरम (वासराच्या गर्भाच्या रक्तातला द्रव) घातलेले डीएमईएम हे पेशींना पोसणारे माध्यम अगदी थोडे, तुकडे तरंगणार नाहीत इतकेच, कडेने सोडावे. थाळी ३७ अंश सेल्सियस आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवून तीन दिवस हलवू नये. शेळीच्या शरीराचे तापमान ३८.५ ते ३९.५ अंशांच्या आसपास असते, तरी ३७ अंशांवर या पेशी व्यवस्थित वाढतात.

साधारण पाच ते दहा दिवसांत तुकड्यांच्या कडेने लांबट, चातीच्या आकाराच्या पेशी बाहेर सरकताना दिसतात. तळाचा सत्तर-ऐंशी टक्के भाग व्यापला की ट्रिप्सिन या विकराने सोडवून नव्या थाळीत न्याव्यात. अशा प्रत्येक स्थलांतराला पॅसेज म्हणतात. स्कॅफोल्डवर घालण्यासाठी दुसऱ्या ते चौथ्या पॅसेजच्या पेशी घ्याव्यात. त्यापुढे त्या पसरट होतात, विभाजन मंदावते आणि रूपांतरक्षमता उणावते.

या पेशी खरोखर मूलपेशी आहेत हे कसे ठरवावे? २००६ साली पेशीउपचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मानवी पेशींसाठी किमान निकष ठरवले: प्लास्टिकला चिकटणे, सीडी७३, सीडी९० व सीडी१०५ ही पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनचिन्हे असणे आणि रक्तपेशींची चिन्हे नसणे, आणि हाड, कूर्चा व चरबी अशा तीन दिशांना रूपांतरित होणे. शेळीच्या बाबतीत मधला निकष अडतो, कारण ही चिन्हे ओळखण्यासाठी मानवी पेशींकरता बनवलेली अनेक प्रतिपिंडे शेळीच्या प्रथिनाला धरतच नाहीत. चिन्ह दिसले नाही म्हणून पेशी टाकून देऊ नयेत. त्रिदिश रूपांतराची चाचणी भरवशाची आहे, तिच्यावर वेळ खर्च करावा.

स्कॅफोल्ड

मिरकरवाड्याला किंवा हर्णेला कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या पुढ्यात सकाळी टरफलांचे जे ढीग पडतात, त्यांत कायटिन, कॅल्शियम कार्बोनेट आणि प्रथिने असतात. कायटिनवरचे बहुतेक अॅसिटिल गट काढून टाकले की कायटोसन मिळते. ते सौम्य आम्लात विरघळते, शरीरातील लायसोझाइम या विकराने हळूहळू तुटते, आणि त्याच्यावरील धनभारामुळे पेशींच्या पृष्ठभागाशी त्याचे जमते. आपल्या किनाऱ्याला या पदार्थाचा विचार करण्याचे कारण म्हणूनच केवळ भावनिक नाही.

टरफलांपासून कायटोसन स्वतः करून पाहायचे असेल तर टरफले धुऊन, वाळवून, भरडून घ्यावीत. आधी सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करून प्रथिने काढावीत, मग एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना विरघळवावा. आम्ल थोडे थोडे घालावे, कारण टरफले एकदम फसफसून भांड्याबाहेर येतात. ताजे आम्ल घालूनही फसफस होईनाशी झाली की चुना संपला असे समजावे. शेवटची पायरी चाळीस ते पन्नास टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये शंभर अंशांच्या आसपास काही तास तापवण्याची आहे, आणि ती धुराड्याच्या कपाटात, चष्मा, जाड हातमोजे व ॲप्रन घालूनच करावी. उरलेले आम्ल व अल्कली उदासीन केल्याशिवाय गटारात सोडू नये, कारण आपली गटारे शेवटी खाडीलाच मिळतात. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, म्हणून वर्षभराची टरफले मे अखेरपर्यंत वाळवून हवाबंद करावीत.

घरच्या कायटोसनवर हात बसवावा, मोजमापे शिकावीत, परंतु जो प्रयोग पुढे जनावरापर्यंत न्यायचा आहे त्यासाठी वैद्यकीय दर्जाचे, कमी एंडोटॉक्सिनचे (जिवाणूंच्या आवरणातले दाह करणारे द्रव्य), किमान ८५ टक्के डीअॅसिटिलेशन झालेले, म्हणजे तितके अॅसिटिल गट निघालेले कायटोसन विकतच घ्यावे. टरफलांवर वाढलेल्या जिवाणूंचे एंडोटॉक्सिन ऑटोक्लेव्हने जात नाही, आणि त्याने दाह निर्माण झाला तर दोष पेशींचा की स्कॅफोल्डचा हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

शंभर मिलिलिटर एक टक्का अॅसेटिक आम्लात दोन ग्रॅम कायटोसन घालून रात्रभर ढवळत ठेवावे. सकाळी द्रावण पातळ मधासारखे, किंचित पिवळसर आणि पारदर्शक दिसले पाहिजे. न विरघळलेले कण नायलॉनच्या कापडातून गाळावेत आणि बुडबुडे जाण्यासाठी सेंट्रिफ्यूज करावे. नुसत्या कायटोसनला पेशी धरतात, पण घट्ट धरत नाहीत. म्हणून मी तीन भाग कायटोसनला एक भाग दोन टक्के जिलेटिन मिसळते. जिलेटिनमध्ये पेशींना ओळखीची प्रथिनखूण असते, तिला त्या लवकर बिलगतात.

हे मिश्रण चोवीस खळग्यांच्या थाळीत प्रत्येकी अर्धा मिलिलिटर घालावे. म्हणजे जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास येते. अधिक जाडीचा मोह टाळावा, त्याचे कारण पुढे येईल. थाळी उणे वीस अंशांवर रात्रभर गोठवून लायोफिलायझरमध्ये, म्हणजे निर्वातात बर्फ थेट उडवून सुकवणाऱ्या यंत्रात, चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सुकवावी. बर्फाचा स्फटिक जेथे होता तेथे छिद्र राहते, म्हणून छिद्राचा आकार गोठवण्याच्या वेगावर ठरतो: सावकाश गोठवले तर स्फटिक मोठे, उणे ऐंशी अंशांवर झटकन गोठवले तर बारीक. हाडाच्या कामासाठी छिद्रे शंभर ते तीनशे मायक्रोमीटरची आणि एकमेकांत उघडणारी हवीत. सुकलेली चकती भाजलेल्या पोह्याच्या पापडासारखी हलकी असते. ती ब्लेडने उभी चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. वरच्या बाजूला छिद्रे बंद करणारी साय धरली असेल तर तो थर कापून टाकावा, नाहीतर पेशी आत उतरणारच नाहीत.

पाण्यात जिलेटिन निघून जाऊ नये म्हणून चकत्या जेनिपिन या रेणूंना एकमेकांशी बांधणाऱ्या वनस्पतिजन्य पदार्थाच्या अर्धा टक्का अल्कोहोली द्रावणात ३७ अंशांवर एक-दोन दिवस ठेवाव्यात. त्या हळूहळू गडद निळ्या होतात, ती बांधणी झाल्याची खूण आहे. ग्लुटराल्डिहाइड स्वस्त पडते, पण त्याचा उरलेला अंश पेशींना मारतो, म्हणून मी ते वापरणे सोडले आहे. जेनिपिनची निळाई पुढे फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकात चमकते, हे लक्षात ठेवून पेशी नसलेली एक चकती तुलनेसाठी नेहमी बाजूला ठेवावी.

यानंतर आम्ल काढण्याची पायरी येते. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून सर्वांत मोठे नुकसान येथेच झाले. चकत्या सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन करून मी त्या तीन वेळा धुतल्या, धुतलेल्या पाण्याचा सामू सात आला, आणि समाधानाने त्याच संध्याकाळी पेशी घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी थाळीतले माध्यम हळदीच्या पाण्यासारखे पिवळे झाले होते. सूक्ष्मदर्शकात जिवाणू नव्हते, बुरशी नव्हती, फक्त गोल होऊन सुटलेल्या पेशी होत्या. बाहेरचे पाणी स्वच्छ निघाले तरी स्पंजच्या पोटात आम्ल शिल्लक होते आणि ते रात्रभर झिरपत राहिले. दोन महिन्यांच्या पेशी त्यात गेल्या.

तेव्हापासूनची माझी रीत अशी आहे. चकत्या अल्कोहोलमिश्रित एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये अर्धा तास ठेवायच्या, मग उर्ध्वपातित पाण्यात दोन दिवस, दर चार-सहा तासांनी पाणी बदलत आणि प्रत्येक वेळी चकती चिमट्याने हलकेच दाबून सोडत, धुवायच्या. त्यानंतर सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये काही तास ठेवून निर्जंतुक करायच्या, निर्जंतुक बफरने अल्कोहोल पूर्ण काढायचे, आणि पेशी घालण्याच्या आदल्या रात्री पेशींविना, नुसत्या माध्यमात इनक्युबेटरमध्ये ठेवायच्या. सकाळी माध्यमाचा रंग पाहायचा. तो पहिल्यासारखा नारिंगी-लाल राहिला तरच पुढे जायचे. पिवळा झाला तर आम्ल शिल्लक आहे, सोलकढीसारखा गुलाबी झाला तर अल्कली शिल्लक आहे, आणि गढूळ झाला तर निर्जंतुकीकरण फसले आहे. या एका रात्रीच्या चाचणीने माझ्या जितक्या पेशी वाचवल्या तितक्या कोणत्याही महागड्या उपकरणाने वाचवल्या नाहीत.

पेशी घालणे

माध्यमात तरंगणारी चकती म्हणजे आत हवा अडकलेली चकती. अशा चकतीच्या छिद्रांत पेशी शिरत नाहीत. चकती आधी अल्कोहोलमधून बफरमध्ये आणल्यास बहुतेक हवा निघून जाते, तरीही राहिलेले बुडबुडे निर्जंतुक सिरिंजमध्ये चकती व बफर घेऊन, टोक बंद करून दट्ट्या मागे ओढला की बाहेर पडताना दिसतात. चकती तळाशी बसली की ती तयार झाली.

आठ मिलिमीटरच्या बायोप्सी पंचने चकत्या कापून, पेशी चिकटू न देणाऱ्या थाळीत ठेवाव्यात. साध्या संवर्धन-थाळीत ठेवल्यास पेशी चकतीऐवजी प्लास्टिकवर जाऊन बसतात. माध्यमाने भिजलेली चकती निर्जंतुक टीपकागदाच्या कडेला क्षणभर टेकवून अर्धवट कोरडी करावी, म्हणजे ती पेशींचे द्रावण आपोआप ओढून घेते. पाच लाख पेशी पन्नास मायक्रोलिटर माध्यमात घेऊन, पिपेटचे टोक चकतीला न टोचता, मध्यापासून कडेकडे चार-पाच ठिकाणी थेंब सोडावेत. मग थाळी इनक्युबेटरमध्ये दोन तास ठेवावी. खळग्यांच्या मधल्या जागेत निर्जंतुक पाणी घालावे, म्हणजे एवढासा थेंब सुकणार नाही. दोन तासांनी एक मिलिलिटर माध्यम भिंतीवरून सावकाश सोडावे. हे दोन तास कमी करू नयेत, आणि मध्ये थाळी काढून पाहूही नये.

दुसऱ्या दिवशी चकती नव्या खळग्यात न्यावी आणि जुन्या खळग्यात राहिलेल्या पेशी मोजाव्यात. घातलेल्यातून त्या वजा केल्या की किती पेशी स्कॅफोल्डने धरल्या याचा अंदाज येतो. ही मोजणी बहुतेक जण टाळतात. ती केली नाही, तर पंधरा दिवसांनी पेशी कमी दिसल्यावर त्या वाढल्या नाहीत की मुळात चिकटल्याच नाहीत, हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

पेशी तीन-चार दिवस साध्या माध्यमात स्थिरावल्यावर हाडाकडे वळवणारे माध्यम सुरू करावे: शंभर नॅनोमोलर डेक्सामेथासोन, दहा मिलिमोलर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट आणि पन्नास मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अॅस्कॉर्बिक आम्ल. अॅस्कॉर्बिक आम्ल लवकर खराब होते, म्हणून ते वापरतेवेळी ताजे मिसळावे किंवा त्याचे टिकाऊ फॉस्फेट रूप घ्यावे. दर दोन-तीन दिवसांनी माध्यम बदलत एकवीस दिवस चालू ठेवावे. निम्म्या चकत्या साध्या माध्यमातच ठेवाव्यात आणि पेशींविना काही चकत्या हाडाच्या माध्यमात ठेवाव्यात. या दोन्ही तुलना नसतील तर निकालाला अर्थ नाही, कारण अॅलिझारिन रेड हा कॅल्शियम दाखवणारा रंग रिकाम्या कायटोसनलाही थोडाफार चढतो.

पावसाळा

जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा बुरशीची असते, आणि पेशीसंवर्धनाच्या खोलीला भिंतीच्या ओलीपासून वाचवणे हे रोजचे काम होते. पुठ्ठ्याची खोकी खोलीत आणू नयेत, प्लास्टिकच्या आवरणातला माल बाहेरच सोडवावा. इनक्युबेटरच्या तळातील पाणी दर आठवड्याला निर्जंतुक उर्ध्वपातित पाण्याने बदलावे. एअर कंडिशनरची जाळी दर पंधरवड्याला धुवावी, कारण बुरशीचे बीजाणू तेथूनच थेट कपाटावर येतात. अॅम्फोटेरिसिन कायम घालत राहून हा प्रश्न सुटत नाही, ते पेशींनाही जाच करते. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू वेगळा शत्रू आहे. त्याने माध्यम गढूळ होत नाही, पेशी फक्त मंदावतात, म्हणून महिन्यातून एकदा पीसीआर चाचणी करावी.

वीज गेल्यावर इनक्युबेटरचे दार उघडायचे नाही हा नियम दारावर मोठ्या अक्षरांत लिहून लावावा. बंद दाराआड उष्णता बराच वेळ टिकते. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर बहुधा घाटावरून किंवा मुंबईहून येतो आणि दरड कोसळली की दिवसेंदिवस येत नाही, म्हणून मे महिन्यातच दुसरा भरलेला सिलिंडर आणून ठेवावा. प्रत्येक पॅसेजच्या काही पेशी गोठताना पेशींना जपणारे डीएमएसओ दहा टक्के घालून, मिनिटाला एक अंश या वेगाने गोठवून द्रव नायट्रोजनमध्ये राखून ठेवाव्यात. जिल्ह्यात गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजनचा पुरवठा होत असतो. त्याची वेळ विचारून आपले पात्र त्याच फेरीत भरून घेता येते का ते पाहावे.

एकविसाव्या दिवशी

बाहेरून सुंदर दिसणारी चकती फसवी असू शकते. पेशींना प्राणवायू आणि अन्न विसरणाने, म्हणजे द्रवातून आपोआप पसरत येऊन, मिळते, आणि स्थिर माध्यमात ते दाट पेशीथरांतून शंभर-दोनशे मायक्रोमीटरच्या पलीकडे पुरेसे पोहोचत नाही. कडेच्या पेशी माजतात, छिद्रांची तोंडे बुजवतात, आणि मधल्या पेशी उपाशी मरतात. म्हणूनच जाडी अडीच मिलिमीटरपेक्षा वाढवू नये असे वर म्हटले, आणि तरीही मध्यभाग तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

चकती धारदार ब्लेडने मधोमध कापावी. एक अर्धी कॅल्सीन व इथिडियम होमोडायमरने रंगवून कापलेल्या बाजूकडून पाहावी. जिवंत पेशी हिरव्या आणि मेलेल्या तांबड्या दिसतील. दुसरी अर्धी फॉर्मालिनमध्ये ठेवून पातळ काप काढावेत आणि अॅलिझारिन रेडने रंगवावेत. काप पाहताना आधी मध्य पाहावा, मग कड. हिरवा पट्टा कडेलाच थांबला असेल तर पेशींची संख्या वाढवून उपयोग नाही. पुढच्या खेपेला गोठवण्याचा वेग कमी करून छिद्रे मोठी करावीत, चकती दोन मिलिमीटरपर्यंत पातळ करावी, किंवा थाळी सावकाश डोलणाऱ्या शेकरवर ठेवून माध्यम हलते ठेवावे. एका वेळी यांपैकी एकच बदल करावा, आणि प्रत्येक बदलाबरोबर आदल्या रात्रीची माध्यमाच्या रंगाची चाचणी पुन्हा करावी.